सॅकमधली मोकळी जागा

लेन्सचं खरं वजन दुकानात कळत नाही. काउंटरवरून उचलली, बॉडीला लावली, दारातून समोरच्या रस्त्यावर रोखून पाहिली, की ती हवीहवीशीच वाटते. तिचं वजन कळतं खिरेश्वरहून हरिश्चंद्रगड चढताना. टोलार खिंड मागे पडते, कातळाचा टप्पा सुरू होतो, रेलिंगचा गज एका हातात असतो आणि पाठीवरची सॅक दर पावलाला आपल्याला किंचित मागे, दरीकडे ओढत असते. त्या ओढीत ग्रॅम न् ग्रॅम वेगळा जाणवतो. कुठली लेन्स आज सॅकबाहेर निघणारच नाही, हेही तिथेच उमगतं.

म्हणून कॅमेऱ्यासाठी सॅक घ्यायची आहे, कुठली घेऊ, असं कुणी विचारलं की मी आधी स्वयंपाकघरातला वजनकाटा काढायला सांगतो. सगळं सामान सतरंजीवर मांडायचं आणि एकेक वस्तू काट्यावर ठेवायची. निकॉनच्या डी७५०सारखी बॉडी बॅटरी आणि कार्डासह ८४० ग्रॅम भरते. २४-१२० मिमीची लेन्स ७१० ग्रॅम, १६-३५ मिमीची ६८० ग्रॅम, ७०-२०० मिमी एफ/२.८ जवळजवळ दीड किलो. एवढ्यातच साडेतीन किलोंच्या पुढे गेलो. वरच्या हेडसकट ट्रायपॉड दोन किलो, दोन लिटर पाणी दोन किलो. कॅमेऱ्यासाठी खास शिवलेली, आतून जाड फोम लावलेली सॅक रिकामीच दीड-दोन किलो भरते. मग डबा, रेनकोट, विजेरी, सुके कपडे, जादा बॅटऱ्या. काटा दहा-अकरा किलोंवर जातो आणि मुक्कामाचं अंथरूण अजून सतरंजीवरच असतं.

काचेशी घासाघीस करता येत नाही. २०० मिमीच्या लेन्सला एफ/२.८ हवं, तर २०० भागिले २.८ म्हणजे सुमारे ७१ मिमी व्यासाची वाट प्रकाशासाठी मोकळी ठेवावी लागते. पुढची काच त्याहून लहान करताच येत नाही. मिररलेस कॅमेरे आले, आतला आरसा गेला, बॉडी हलकी झाली. तो ७१ मिमीचा व्यास मात्र जिथल्या तिथे राहिला. संध्याकाळच्या अंधूक उजेडात, देवराईच्या सावलीत, पावसाळी आभाळाखाली जो जादा प्रकाश आपण मागतो, त्याची किंमत पाठीने मोजायची असते. ही किंमत कुठे मोजायची आणि कुठे नाही, हा माझ्या मते सॅकच्या निवडीतला पहिला प्रश्न. कप्पे किती, चेन कुठल्या कंपनीची, रंग कुठला, हे सगळं त्याच्या मागून येतं.

वजन कसं वाहायचं हे सह्याद्रीच्या पायथ्याच्या गावांत कुणाला शिकवावं लागत नाही. लाकडाची मोळी किंवा पाण्याने भरलेले हंडे डोक्यावर घेऊन चढण चढणाऱ्या बायका पाहाव्यात. आधी जुन्या लुगड्याच्या कापडाची चुंबळ, तिच्यावर भार, आणि भाराखाली मान, पाठ, कंबर, टाच अशी एक उभी रेघ. वजन त्या रेघेतून सरळ जमिनीत उतरतं. चालणारीचे हात मोकळे राहतात, नजर वाटेवर राहते. चांगल्या सॅकचा कंबरपट्टा म्हणजे कमरेला बांधलेली चुंबळच. तो रुंद आणि भरीव असला, कमरेच्या हाडांच्या वरच्या कडांवर नीट बसला आणि खांद्याच्या पट्ट्यांआधी आवळला, तर बराचसा भार खांदे सोडून कमरेवर येतो आणि तिथून पायांत जातो. शरीरातले मोठे स्नायू पायांत असतात. भार वाहणं हे त्यांचं रोजचंच काम.

कॅमेऱ्याच्या पुष्कळ सॅकना कंबरपट्टा म्हणून नुसती एक बारीक पट्टी असते. ती सॅकला हेलकावू देत नाही, पण भार उचलत नाही. शहरातल्या शहरात, बसमधून उतरून सभागृहापर्यंत जाण्यापुरती ती पुरते. डोंगरात तासाभराने खांदे सांगू लागतात, दोन तासांनी मान, आणि मग माणूस फोटो काढायला थांबायचं टाळू लागतो. ज्या कामासाठी एवढं सामान उचललं, तेच काम सॅक काढायच्या-चढवायच्या कंटाळ्यापायी राहून जातं. दुखऱ्या मानेचा माणूस वर पाहत नाही. कड्यावरची कपार, तिच्यातलं घरटं, ढगाच्या फटीतून सुळक्यावर पडलेला उजेड त्याच्या डोक्यावरून निघून जातो.

मापाचंही असंच. मान खाली घातली की तिच्या मुळाशी एक मणका टेंगळासारखा हाताला लागतो. तिथून कमरेच्या हाडांच्या कडा जोडणाऱ्या रेषेपर्यंतची लांबी हे आपल्या पाठीचं माप. उंचीला सारख्या असलेल्या दोघांचं हे माप वेगळं असू शकतं. ट्रेकिंगच्या सॅक लहान-मोठ्या मापांत येतात किंवा त्यांची पाठ वर-खाली सरकवता येते. कॅमेऱ्याच्या सॅक बहुधा एकाच मापात शिवलेल्या असतात. आखूड पाठीच्या माणसाच्या कमरेखाली पट्टा घसरतो, लांब पाठीच्या माणसाच्या तो पोटावर चढतो. म्हणून दुकानात रिकामी सॅक आरशासमोर घालून काही उपयोग नाही. आपला कॅमेरा आणि पाण्याच्या भरलेल्या बाटल्या सोबत न्याव्यात, त्या सॅकमध्ये भरून दुकानाचा जिना दोन-चार वेळा चढावा-उतरावा. उकिडवं बसून उठावं. कॅमेरा डोळ्याला लावून पाहावा, खांद्याचा पट्टा दंड ओढतोय का ते पाहावं. मान मागे टाकून छताकडे बघावं; सॅकचं डोकं आपल्या डोक्याला आडवं येत असेल, तर तिच्यासह कडा कधी नीट पाहून होणार नाही. बरा दुकानदार हे सगळं करू देतो, उलट खुर्चीवर बसून कौतुकाने बघतो.

छायाचित्रणाच्या पहिल्या पिढ्यांत वजनाचा हा प्रश्न छायाचित्रकाराच्या पाठीपर्यंत पोचलाच नव्हता. इंग्रज छायाचित्रकार सॅम्युअल बोर्न १८६३ साली हिंदुस्थानात आला आणि त्याच साली सिमल्याहून हिमालयात निघाला तेव्हा त्याच्याबरोबर तीसेक हमाल होते. पुढल्या काश्मीरच्या प्रवासात ते चाळिसांवर गेले, १८६६च्या मोहिमेत ऐंशींच्या घरात. त्या काळची ओल्या कलोडियनची पद्धतच तशी होती. काचेवर रसायन चढवायचं, ती ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून फोटो घ्यायचा आणि वाळायच्या आत तिथल्या तिथे धुवायची. म्हणजे काचांच्या पेट्या, रसायनांच्या बाटल्या, धुण्याची भांडी आणि अंधाऱ्या खोलीचं काम करणारा तंबू, असा अख्खा कारखाना खिंडीत न्यावा लागे. १८६६ साली मणिरंग खिंडीत, साडेअठरा हजार फुटांच्या वर, बोर्नने फोटो घेतले. जगात तोवर एवढ्या उंचीवर कुणी फोटो घेतला नव्हता. ती चित्रं आजही पाहताना जीव हरखतो; बर्फाची कड अशी कोरीव दिसते की बोट कापेल. चित्रावर नाव बोर्नचं आहे. काचेची पेटी पाठीवर घेऊन त्या खिंडीत त्याच्याइतकंच चढलेल्या माणसांची नावं चित्रावर नाहीत. मला ते चित्र आता त्या पाठींशिवाय पाहता येत नाही.

तो भार हळूहळू उतरत गेला आणि तो उतरवण्यात एका दमेकऱ्याचा वाटा मोठा आहे. ऑस्कर बार्नाक जर्मनीत वेट्झलारला लाइट्झच्या कारखान्यात काम करत असे. त्याला फिरण्याची आणि फोटोंची ओढ होती, पण दम्यामुळे काचांचा जड कॅमेरा घेऊन डोंगर चढणं झेपत नव्हतं. सिनेमाची ३५ मिमीची फिल्म वापरून त्याने १९१३-१४च्या सुमाराला हातात मावणारा कॅमेरा तयार केला. निगेटिव्ह लहान, मग तिच्यावरून चित्र मोठं करायचं, ही त्याची कल्पना. महायुद्धामुळे वर्षं गेली, आणि १९२५ साली तो कॅमेरा लायका या नावाने बाजारात आला. २४ बाय ३६ मिमीची ती चौकट आजही फुल फ्रेम कॅमेऱ्याच्या सेन्सरचं माप आहे. आपल्या श्वासाची मर्यादा ओळखून तिच्या मापाचं अवजार घडवणाऱ्या या माणसाने जगातल्या सगळ्या चालणाऱ्या छायाचित्रकारांची पाठ हलकी केली.

लायका बाजारात आल्यावर दोनच वर्षांनी, १० एप्रिल १९२७ला, कॅलिफोर्नियातल्या योसेमिटीच्या दरीत पंचवीस वर्षांचा अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स काचांचा मोठा कॅमेरा घेऊन बर्फातून चढत होता. पाठीवर अठराएक किलोंचं ओझं, त्यात बारा काचा. हाफ डोम या प्रचंड कातळभिंतीसमोर तो पोचला तेव्हा दोनच काचा उरल्या होत्या. पहिल्या काचेवर त्याने पिवळा फिल्टर लावून फोटो घेतला. मग त्याच्या ध्यानात आलं, की यात आभाळ फिकट येईल, समोर उभं राहिल्यावर मनात जे दडपण दाटलं ते चित्रात उतरणार नाही. शेवटच्या काचेसाठी त्याने गडद लाल फिल्टर लावला. आभाळ जवळजवळ काळं झालं, कातळ त्यातून उसळून वर आला आणि ‘मोनोलिथ’ हे चित्र तयार झालं. फोटो घेण्याआधी तो मनात पुरता पाहण्याची सवय त्या दिवशी लागली, असं तो नंतर मानत आला. शंभर काचा जवळ असत्या तर काय झालं असतं, हे सांगता येणार नाही. दोनच असताना काय झालं, ते सगळ्या जगाने पाहिलं आहे.

आणि होमाई व्यारावाला. नवसारीत जन्मलेली, मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेली, भारताची पहिली स्त्री वृत्तछायाचित्रकार. १९४२पासून दिल्लीत काम करताना साडी नेसून, जड कॅमेरा आणि त्याचं सामान घेऊन ती सायकलवरून फिरत असे. सत्तांतर, फाळणीच्या बैठका, नेहरूंची कारकीर्द, गांधीजींची अंत्ययात्रा तिने कॅमेऱ्यात धरली. तिच्या काळात या कामासाठी बाईच्या अंगाला बसेल अशी पिशवी कुणी शिवली नव्हती. आज मुलींसाठी वेगळ्या मापाच्या, खांद्याला अरुंद आणि छातीपाशी वळण घेतलेल्या पट्ट्यांच्या सॅक मिळतात, तेव्हा मला तिची आठवण येते. पुरुषाच्या मापाची सॅक ‘चालून जाईल’ म्हणून कुठल्या मुलीने घेऊ नये.

बोर्नपासून व्यारावालापर्यंत एक गोष्ट घडत गेली: भार दुसऱ्यांच्या पाठीवरून छायाचित्रकाराच्या स्वतःच्या अंगावर आला. मला हे त्या कलेचं मोठं भाग्य वाटतं. स्वतःच्या पाठीवर वजन असलं की प्रत्येक वस्तूला आपण विचारतो, तू कशाला? हे विचारता विचारता आपल्याला काय पाहायचं आहे ते ठरत जातं. सतरंजीवरून लेन्स उचलून कपाटात परत ठेवताना आपण खरं तर काही चित्रं सोडून देत असतो. १६-३५ घरी ठेवली म्हणजे आज आभाळाचा घुमट येणार नाही; ७०-२०० ठेवली म्हणजे समोरच्या धारेवरची माणसांची रांग जवळ येणार नाही. हे सोडणं घरी, शांतपणे, दिवा लावून करावं. डोंगरात हातात एकच लेन्स असली, की डोळा तिच्या मापाने पाहू लागतो, पाय मागेपुढे सरकू लागतात, आणि जे जवळ नाही त्याची हुरहुर तासाभरात विरते.

कुठे जायचं हे ठरल्यावर सॅक पुष्कळशी आपोआप ठरते. भिगवणला होडीतून रोहित पाहायचे तर चालणं थोडं, बसणं फार. तिथे मोठी, भारी, पेटीसारखी सॅकही चालते. हरिहरला ती चालत नाही. निरगुडपाड्याच्या बाजूने वर गेलं की कातळात खोदलेल्या उभ्या पायऱ्या समोर येतात. पायऱ्यांच्या दोन्ही कडांना बोटं रोवायला खोबण्या आहेत, त्या धरून अंग कड्याशी लावून चढायचं. दरवाजातून आत गेलं की कातळ पोखरून काढलेली आडवी वाट लागते, वरचा खडक इतका खाली आलेला की वाकून जावं लागतं. तिथे रुंद सॅकची कड खडकाला घासते, बाजूला बांधलेला ट्रायपॉड अडकतो आणि अंग बाहेर ढकललं जातं. हरिहरला सॅक पाठीपेक्षा रुंद नको, डोक्यापेक्षा उंच नको. ट्रायपॉड बाजूला न बांधता मधोमध, पाठीच्या रेषेत हवा. जड लेन्स सॅकच्या तळाशी किंवा बाहेरच्या अंगाला न ठेवता खांद्याच्या पात्यांच्या मध्ये, पाठीला चिकटून हवी. वजन पाठीपासून जितकं लांब, तितकी मागची ओढ जास्त.

कासच्या पठाराने मला सॅकबद्दल सगळ्यांत नाजूक गोष्ट शिकवली. जांभ्या खडकावर मातीचा पातळ थर, आणि पाऊस ओसरता ओसरता त्यावर गेंद, तेरडा, सीतेची आसवं, दवबिंदू. पश्चिम घाटाची जी ठिकाणं २०१२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आली, त्यांत कास आहे. तिथे नुसती सॅक खाली ठेवणं म्हणजे हातभर जागेतली फुलं चिरडणं. कीटक धरून खाणारं दवबिंदूचं झाड बोटभर उंचीचं. वरून पाहणाऱ्याला ते दिसतही नाही. अशा ठिकाणी पाठीकडून उघडणारी सॅक फार गुणाची. खांद्यांचे पट्टे काढायचे, कंबरपट्टा तसाच बांधलेला ठेवायचा, सॅक कमरेभोवती फिरवून पुढे घ्यायची आणि पोटासमोर उघडायची. लेन्स बदलायची, बंद करायची, पुन्हा मागे फिरवायची. जमिनीला काही लागत नाही. या रचनेचा आणखी एक फायदा म्हणजे पाठीला टेकलेला भाग स्वच्छ राहतो. बाहेरचं अंग चिखलात पडलं तरी पाठीला चिखल लागत नाही. पाऊलवाट सोडायची नाही हे कासला सगळ्यांना सांगतात. सॅकचीही एक पाऊलवाट असते, ती आपल्या अंगावरच संपावी.

वारीत तर पाठीवरची सॅकच नको. पालखी पुण्याहून सासवडकडे निघते, दिवे घाट वारकऱ्यांनी भरून जातो, आणि त्या माणसांच्या लोटात पाठीवर फुगवटा घेऊन वळणारा छायाचित्रकार मागच्या म्हातारीच्या तोंडावर सॅक आपटतो, त्याला पत्ताही नसतो. तिच्या डोक्यावर तुळशीवृंदावन असतं. तिचं स्वतःचं सगळं सामान एका पिशवीत: एक लुगडं, एक वाटी-ताट, पावसासाठी प्लास्टिकचा तुकडा, हरिपाठ. तेवढ्यावर ती पंढरपूर गाठते. तिच्या शेजारून चालताना खांद्यावर एक मऊ, पातळ कापडाची पिशवी पुरे, तीही पुढे पोटाशी घेतलेली. फिलाडेल्फियाच्या एका दैनिकाचे छायाचित्रकार जिम डोम्की यांनी १९७०च्या दशकात अशीच मऊ कॅनव्हासची पिशवी आपल्या कामासाठी तयार केली; तिच्यात फोमच्या भिंती जवळजवळ नव्हत्या, चालता चालता हात घालून हवी ती वस्तू काढता यावी एवढाच तिचा हेतू. जगभरच्या बातमीदारीत ती रुळली. एक बॉडी, एक ३५ मिमीची लेन्स, एक ८५ मिमीची. याहून जास्त घेऊन वारीत गेलं की लक्ष सामानात राहतं, माउलींकडे राहत नाही.

पावसाबद्दल सॅक विकणारे रेनकव्हर दाखवतात. सपाट मुलखात ते पुरे. सह्याद्रीच्या धारेवर पाऊस वरूनच पडतो असं नाही. नाणेघाटात दरीतून येणारा वारा धबधबा उलटा उडवतो, आणि कोकणकड्यावर उभं राहिलं की थेंब पायाखालून तोंडावर येतात. रेनकव्हर पाठीच्या बाजूने उघडंच असतं. तिथून घामही जातो, वाऱ्याने उडालेलं पाणीही जातं, आणि ते कव्हरच्या तळाशी साचून सॅक खालून भिजते. वारा फार झाला की कव्हर फुगून निघून जातं. म्हणून खरं संरक्षण आत हवं. कॅमेरा एका तोंड गुंडाळून बंद होणाऱ्या जलरोधक पिशवीत घालावा, ती मिळाली नाही तर जाड प्लास्टिकची पिशवी दोनदा गुंडाळावी. बाहेरचं कव्हर हवं तर असावं. आंबोलीच्या रात्री, एका हातात विजेरी, एका हातात कॅमेरा, फांदीवर हिरवागार उडता बेडूक आणि पायाखाली नखाएवढी पिल्लं उड्या मारत असताना, सॅक कुठे टेकवायची सोय नसते. तिथे मी सॅक गाडीत ठेवून गळ्यात एकच कॅमेरा आणि मॅक्रो लेन्स घेऊन जातो, वर छत्री धरायला सोबती असतो.

पावसाचा दुसरा वार घरी आल्यावर होतो. सॅकच्या फोममध्ये ओल दिवसेंदिवस टिकते. तिच्यातच कॅमेरा ठेवून कपाट लावलं, तर आठवड्यांत लेन्सच्या आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे पसरतात. ती बुरशी. मुंबई-कोकणाच्या हवेत ती फार लवकर धरते आणि एकदा काचेवरचा लेप खाल्ला की साफ करूनही डाग राहतो. कॅमेरा राहतो हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत, आर्द्रता चाळीस ते पन्नास टक्क्यांत. सॅक वाळते उन्हात, सगळ्या चेन उघडून, पार्टिशनं बाहेर काढून. एका बाबतीत मात्र तोच फोम कामाला येतो. थंडगार गाडीतून दमट हवेत उतरल्यावर काचेवर धुकं धरतं. तेव्हा अर्धा तास सॅक उघडायचीच नाही. आत कॅमेरा हळूहळू बाहेरच्या हवेच्या तापमानाला येतो.

या सगळ्यातून माझी निवड साधी झाली आहे. ट्रेकला मी कॅमेऱ्याची सॅक नेतच नाही. माझ्या पाठीच्या मापाची, भरीव कंबरपट्ट्याची साधी ट्रेकिंगची सॅक, आणि तिच्यात गादीसारख्या भिंतींचा एक छोटा सुटा डबा, जो पिशवीतून काढता-घालता येतो. त्यात एक बॉडी आणि फार तर दोन लेन्स. सॅकची उरलेली जागा पाणी, डबा, कपडे यांची. चालताना कॅमेरा खांद्याच्या पट्ट्यावरच्या क्लिपमध्ये, हाताशी. छातीवर वेगळी पिशवी बांधायचं मी सोडलं, कारण उतरणीला ती पाय ठेवायची जागा झाकते. ज्याला हाताशी कॅमेरा आहे तो ढग फुटल्यावर फोटो काढतो. ज्याचा कॅमेरा तीन चेनींच्या आत आहे तो ढग फुटल्याची गोष्ट सांगतो.

हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याच्या पाचनईत पहाटे पोचलं की गावातला एखादा तरुण विचारतो, “दादा, सॅक द्या इकडं, मी घेतो वरपर्यंत.” ते त्याचं कष्टाचं, मानाचं काम आहे आणि त्याचे ठरलेले पैसे घासाघीस न करता द्यावेत. पण त्याच्या पाठीवर जाणार म्हणून सॅकमध्ये एक लेन्स जास्त भरायची नाही, हा माझा नियम आहे. जे मी स्वतः घेऊन चढलो नसतो ते त्याने का चढवावं? दीडशे वर्षांपूर्वी बोर्नच्या हमालांना हा प्रश्न विचारायची सोय नव्हती. आपल्याला आहे.

आणि शेवटची गोष्ट, जिच्यासाठी मी हे सगळं लिहायला बसलो. सॅक घेताना लोक लिटर विचारतात, आणि घेतल्यावर ते लिटर शेवटच्या बोटभर फटीपर्यंत भरतात. कॅमेऱ्याच्या सॅकमध्ये तर प्रत्येक वस्तूला तिच्या मापाचा खण. कुठे काही रिकामं राहिलं तर चुकल्यासारखं वाटतं. पण डोंगर उतरताना कुणाचा तरी गुडघा भरतो, कुणाला उन्हाची भोवळ येते, कुणाच्या बुटाचा तळ सुटतो. तेव्हा त्याची सॅक हलकी करायची असते: कुणी त्याचं पाणी घेतं, कुणी अंथरूण, कुणी डबे. ज्याच्या सॅकमध्ये फोमच्या खणांमुळे बाटलीसुद्धा मावत नाही, तो मदत करायची इच्छा असूनही नुसता बाजूला उभा राहतो. चांगला फोटो घेऊन परतणं हे मोठं सुख आहे, मी ते मनापासून मानतो. पण ज्यांच्याबरोबर गेलो ते सगळे धड परतणं त्याहून मोठं आहे, आणि सॅकची निवड या दोन्हींना लागते.

तेव्हा तीस लिटरची सॅक घेतलीत, तर पंचवीस लिटर आपले समजा. राहिलेले पाच वाटेचे आणि सोबत्यांचे. कधी त्यात कुणाचा ओला रेनकोट जाईल, कधी गडावर लोकांनी टाकलेल्या बाटल्या खाली येतील, कधी थकलेल्या मुलीचा डबा आणि चपला. या पाच लिटरांसाठी एक लेन्स घरी ठेवावी लागली, तर ती जरूर ठेवा.